रिकामा नाही

सासरेबुवांनी चौतीस वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं आणि निवृत्त झाल्यावर घराचंच स्टोअर करून टाकलं. गल्लीत सगळे त्यांना स्टोअरसाहेब म्हणायचे. त्यांच्या हातून कधी काही केरात गेलं नाही. बरणीचं झाकण, बंद घड्याळाचा पट्टा, हरवलेल्या कुलपाची किल्ली, प्रत्येकाला पांढरी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर मोत्यासारखं अक्षर. 'फुलदाणीचा कान. फुलदाणी सापडल्यास जोडणे.' सुनेने या चिठ्ठ्या वाचणं केव्हाच सोडून दिलं होतं. वाचल्या की डोकं उठायचं.

आज मात्र डोकं उठवायला एकटा लॅपटॉप पुरेसा होता.

घेतानाच स्वस्तातला. पोटात जागा जेमतेम बत्तीस जीबी. त्यातली निम्म्याहून जास्त त्याची त्यालाच लागायची. उरलेल्या कोपऱ्यात स्टोअरसाहेबांनी घरातल्या यावत् यंत्रांची माहितीपुस्तकं स्कॅन करून कोंबलेली. यंत्रं मेली, पुस्तकं अमर. महिनाभर लॅपटॉपचं एकच रडगाणं चालू होतं, अपडेट करायचंय, जागा नाही. मागच्या आठवड्यात एका ऑनलाइन शिकवणीवाल्यांनी शिक्षिकेच्या नोकरीसाठी सुनेचा चाचणीचा तास घेतला, तर अपूर्णांकाच्या ऐन भागाकारात पडदा निळा झाला. तिथल्या बाईंनी आज पाचची वेळ पुन्हा दिली होती. शेवटची, असं बजावून.

दीड वाजता तिने नवऱ्याला फोन लावला.

"अगं, रीसेट मार ना. दोन मिनिटांचं काम."

"मारलं. रीसेट करायला जागा अपुरी आहे म्हणतोय."

"पुसायलाही जागा लागते?"

"तुमच्याच घरातला ना तो!" तिने फोन ठेवून दिला.

आता उपाय एकच. पेनड्राइव्हवर नवीकोरी विंडोज उतरवायची, लॅपटॉप मुळापासून पुसायचा आणि ती त्यावर चढवायची.

"बाबा, लॅपटॉप पुसतेय. तुमचं काय असेल ते काढून घ्या."

"कशावर घेऊ?"

"कशावरही घ्या हो!"

अर्ध्या तासाने टेबलावरचा पेनड्राइव्ह उचलून ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे धावली. पेनड्राइव्हला चिठ्ठी गुंडाळलेली. तिच्यामुळे तो खाचेत जाईना. तिने ती उपटली आणि न वाचताच ओढणीला चिकटवली. विंडोज उतरवण्याआधी तिथल्या कॉम्प्युटरने विचारलं, यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल?

"चालेल काय, पळेल!" म्हणत तिने बटण दाबलं.

सव्वातीनला घरी. पेनड्राइव्ह लावला, डिस्कवरचे जुने कप्पे एकेक करून उडवले, तेव्हा तिला महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं. टक्के गोगलगायीसारखे चढू लागले. सदुसष्टवर घाम टिपायला ओढणी उचलली, तर चिठ्ठी गालाला चिकटली.

'रिकामा नाही. आत माहितीपुस्तकं, ४१२. पुसू नये.'

नेमके तेव्हाच स्टोअरसाहेब दारात.

"कुठवर आलं?"

"सदुसष्ट."

"पेनड्राइव्ह जपून हं, सूनबाई."

"हं," ती म्हणाली आणि चिठ्ठी मुठीत चुरगाळली.

साडेचारला लॅपटॉप उघडला. स्वच्छ, निळाशार, आणि वायफायचा पत्ताच नाही. त्याला वायफाय ओळखणारा ड्रायव्हर हवा होता, आणि तो ड्रायव्हर इंटरनेटवर होता.

"म्हणजे दाराची किल्ली दाराच्या आत!" ती ओरडली. "केबलने फोन जोडून नेट घ्यावं, तर माझी केबल नुसतं चार्जिंग करते. आग लागो या डबड्याला!"

स्टोअरसाहेब आत गेले आणि पत्र्याचा डबा घेऊन आले. आत केबलींची भेंडोळी. चष्मा वर-खाली करत ते चिठ्ठ्या वाचू लागले.

"ही तुटकी... ही कॅमेऱ्याची..."

"बाबा, पावणेपाच!"

"घाई केली की चुकीचा माल जातो. ही घे." तिने कितीतरी वर्षांनी त्यांची चिठ्ठी आपणहून वाचली. 'फोनची. डेटा जातो. सून म्हणाली फेका.'

पाचला दोन मिनिटं असताना पडद्यावर बाईंचा चेहरा उगवला. अपूर्णांक भागले गेले. पावणेसहाला बाई म्हणाल्या, "सोमवारपासून या."

ती बाहेर आली. स्टोअरसाहेब केबल गुंडाळत बसले होते.

"बाबा, तुमची पुस्तकं गेली. पेनड्राइव्ह पुसला मी. चिठ्ठी वाचलीच नाही."

त्यांनी तिने पुढे केलेली चुरगळलेली चिठ्ठी घेतली, गुडघ्यावर सपाट केली.

"अक्षर लागत नाही का माझं?"

"लागतं हो. मलाच वाचायचं नव्हतं."

ते उठले, स्टूल ओढलं आणि माळ्यावरून एक खोकं खाली दिलं. मग दुसरं. मग तिसरं. तिन्हींवर एकच मजकूर. 'मूळ छापील पुस्तकं. सून म्हणाली रद्दीत द्या. दिली नाहीत.'

तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच स्टुलावरून प्रश्न आला, "लॅपटॉपवर आता जागा किती मोकळी झाली म्हणालीस?"

तिने त्यांच्याच गठ्ठ्यातली कोरी चिठ्ठी ओढली, लिहिली आणि लॅपटॉपच्या झाकणावर थापली. 'रिकामा आहे. रिकामाच राहील.'

स्टोअरसाहेब खाली उतरले, चष्मा लावला, वाकून वाचलं.

"तारीख घातली नाहीस," ते म्हणाले.