पेटीवाल्या काकू

तोंडात चार खिळे धरून स्पष्ट बोलणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या शेजारच्या पेटीवाल्या काकू. वरुडच्या मंडीत त्या संत्र्यांसाठी लाकडी पेट्या ठोकायच्या. चहाला बोलावलं तरी उत्तर खिळ्यांमधूनच यायचं, आणि ते बहुतेक वेळा 'नाही' असायचं.

पेटी तयार झाली की काकू तिच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. गप्पा मारत तिच्या एकेका कडेवरून बोट फिरवायच्या. खिळ्याचं टोक कुठे वर राहिलं असेल तर ते बोटाला कळायचं. "एका संत्र्याले खिळा लागला का पेटीभर माल सडते," असं त्या म्हणायच्या.

मी तेव्हा अमरावतीला डी.एड. करत होते. सातवीच्या वर्गावर सराव पाठ होता, घन आणि इष्टिकाचिती. फळ्यावर ठोकळा काढला, दिसल्या तेवढ्या कडा मोजल्या आणि मुलांना ठासून नऊ सांगितल्या. परीक्षक बाईंनी वही मिटली. आठ दिवसांनी पाठ पुन्हा द्यायचा होता. तोही फसला असता तर वर्ष गेलं असतं. बारा हा आकडा पाठ करता आला असता, पण उरलेल्या तीन कडा कुठे असतात ते मला खरंच दिसत नव्हतं.

सुट्टीत घरी आले आणि काकूंपुढे रडले. त्यांनी तोंडातले खिळे काढून ठेवले, मला डोळे मिटायला सांगितलं आणि माझं बोट पेटीवर टेकवलं. वरच्या चार झाल्या, खालच्या चार, मग उभ्या. मागच्या कडेवर लाकडाची कूस बोटात टोचली.

"हे मांगची कड फळ्यावर कशी दिसन? तिकडून कोनी पेटी पायलीच नाही," काकू म्हणाल्या.

ती पेटी मी एसटीतून मांडीवर घेऊन गेले. पाठ छान झाला. काकूंना सांगायला वरुडला धावले, तर त्यांना पेटीच्या आकाराचं पुस्तकातलं नाव हवं होतं. इष्टिकाचिती. दोनदा म्हणून बघितल्यावर म्हणाल्या, पेटीपेक्षा नावच जड आहे.

पुढे मी अमरावतीतच शाळेत शिकवायला लागले. इकडे पुठ्ठ्याचे खोके आले, लाकडी पेट्यांचं काम आटलं आणि काकू मुलाकडे अमरावतीला राहायला आल्या. यंदा शाळा उघडली त्या दिवशी नातीचा हात धरून माझ्या वर्गाच्या दारात उभ्या. जन्मात शाळेची पायरी न चढलेली बाई. हजेरीपटावर त्या पोरीचं नाव लिहिताना मला भरून आलं.

काकू मात्र मला निरखत होत्या. "हिले तुह्याच वर्गात ठेव," त्या म्हणाल्या. "अन् समजावता नाही आलं त लाजू नको, मले बलाव."