फळीवरची माझी सही

पांडुअण्णांच्या शिवाजी पेठेतल्या दुकानात देवाच्या फोटोखाली खिळ्यांची एक फळी होती आणि रोज सकाळी उदबत्ती आधी त्या फळीला ओवाळली जायची. प्रत्येक खिळ्याला एक डोंगल. सरकारी कामाची निविदा ऑनलाइन भरायची तर ठेकेदाराची सही त्या बोटभर वस्तूतून होते. आम्ही सिमेंटवाळूतली माणसं, कॉम्प्युटर बघितला की घाम फुटायचा. म्हणून सगळ्यांनी आपापली सही पासवर्डासकट अण्णांकडं टांगलेली. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी, अण्णांच्या बारीक अक्षरात.

"अर्ध्या जिल्ह्याच्या सह्या हितं लटकत्यात," ते म्हणायचे. "फळीला हात लावशीला तर मनगट मोडीन."

निविदा ते शेवटच्या पानापासून वाचत. खरी अट मागं दडवत्यात, हे त्यांचं ठाम मत. वाचून झालं की कागद माझ्यापुढं सरकवत. "वाच की रं मुडद्या, सही तुझी हाय." मी चहा पीत बसायचो. वीस वर्षांत एक कागद वाचला असेल तर शपथ.

कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं तेव्हा पेठेत पेढे वाटले. अण्णांचा पेढा हातातच राहिला. "झ्याक झालं," ते म्हणाले आणि फळीकडं बघत बसले. "मुंबई लांब हुती. कोण जात नव्हतं. आता रिक्षानं जातील."

मी हसलो. ते हसले नाहीत.

काही महिन्यांनी एका शाळेच्या खोल्यांचं काम निघालं. तीन तरी निविदा आल्या नाहीत तर काम पुन्हा पुकारावं लागतं, म्हणून आम्ही ठेकेदार एकमेकांना नावापुरती साथ देतो. चुकीचं आहे, पण सगळेच करतात. मी स्लॅबवर उभा होतो, मिक्सर घरघरत होता, तेवढ्यात अण्णांचा फोन. "सुभाष, तिसरं नाव कमी पडतंय. तुझी टाकू?"

"टाका की!" मी ओरडलो.

अण्णांनी तिन्ही निविदा त्याच कॉम्प्युटरवरून लागोपाठ भरल्या. शेवटचं पान आधी वाचणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात आलं नाही, की मशीन आपला पत्ता प्रत्येक कागदामागं सोडतं. आमच्या नकळत चौथी निविदा भरलेला आणि कागदातल्या त्रुटीवरून बाद झालेला एक ठेकेदार खरंच रिक्षानं कोर्टात गेला. निकाल आला: ही स्पर्धा नव्हे, संगनमत. निविदा रद्द, चौकशी करा. आठवड्यात मला नोटीस आली. काळ्या यादीत का टाकू नये, खुलासा द्या.

काळ्या यादीत गेलो की माझं काम संपलं. दुसरं काही मला येत नाही. दुकानात गेलो तर अण्णांनी माझा खुलासा आधीच टाइप करून ठेवलेला. सदर निविदा माझ्या माहितीशिवाय आणि संमतीशिवाय श्री. पांडुरंग यांनी भरली.

"अण्णा, तुम्ही विचारलं होतं मला."

"कुणी ऐकलं? मिक्सर चालू हुता न्हवं?" त्यांनी पेन पुढं केलं. "माझं वय झालं. तुझी पोरगी शिकतीया. ह्या येळेला तरी वाच आणि सही कर."

मी वाचलं. शब्द न् शब्द वाचला. आणि सही केली, लाज वाटते सांगायला.

मी सुटलो. अण्णांवर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. बाकीच्या ठेकेदारांनी आपापली डोंगलं नेली, पेठेतली माणसं समोरून येताना रस्ता बदलू लागली. मीही दुसऱ्या गल्लीनं जायचो. एकदा लांबून पाहिलं, अण्णा रिकाम्या खिळ्यांना उदबत्ती ओवाळत होते. तारखेच्या आधीच ते गेले.

तेराव्याला गेलो. जेवणं उरकल्यावर वैनींनी मला आत बोलावलं आणि पदराच्या गाठीतून माझं डोंगल काढलं. नेण्याचं धाडस मला झालंच नव्हतं. चिठ्ठी तशीच होती.

"भावजी, एकच इचारते," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं संसार केला, हा माणूस कुणाला फसवंल असं वाटत न्हाय. मला कायबी बोलले न्हाईत. तुम्हांस्नी न इचारताच भरलं त्यांनी? खरंच?"

बाहेर मंडपात कोर्टात गेलेला तोच ठेकेदार बसला होता आणि दार उघडं होतं.

"व्हय, वैनी," मी म्हणालो. "न इचारताच."

त्यांनी डोंगल माझ्या हातावर ठेवलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करून स्वयंपाकघरात गेल्या.