गोदाचं चुकलेलं उत्तर

गोदा गेली तेव्हा मी दवाखान्याच्या फाटकाशी चहा पीत उभा होतो. तिनंच पाठवलं होतं, "तोंड बघा कसं सुकून गेलंय, जा" म्हणून. मुलानं वरच्या खिडकीतून हाक मारली, "बाबा, जल्दी या," आणि त्याच्या आवाजावरूनच मला सगळं कळलं. तरी मी उरलेला चहा पिऊन संपवला. का संपवला, देव जाणे... माणूस घाबरला की असलं काहीतरी करत बसतो. या गोष्टीला आज पाच आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्याबद्दल बोलतो, आणि बोलता बोलता माझंही कौतुक करतो. "वकीलसाहेब, त्या काळात खेड्यातल्या बायकोला तुम्ही इंग्रजी शिकवलंत!" मी मान हलवतो. पन्नास वर्षं मी अशीच मान हलवत आलोय. आता खरं काय ते सांगायला बसलोय. सांगताना लाज वाटणार आहे, आणि ती वाटलीच पाहिजे.

निजामाचं राज्य होतं. पोलीस ॲक्शनच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. आमचं घर आष्टीला, शेतीवाडी बरी, आणि मी हैदराबादला कॉलेजात. मॅट्रिकला असतानाच माझं लग्न झालं होतं. गोदा हसनाबादची, मराठी चौथीपर्यंत शिकलेली. हैदराबादला गेल्यावर माझ्या डोक्यात वारं शिरलं. खोलीतल्या मित्राची बहीण मॅट्रिक झालेली, चष्मा लावायची, इंग्रजीत बोलायची. मित्रानं तिच्या लग्नाबद्दल एकदोनदा आडून विचारलं आणि मी खुळ्यासारखा हुरळलो. दुसरी बायको करायला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती, आडकाठी होती ती बापूंची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते म्हणाले, "पोरीत काय खोट हाये ते दाखव, मंग बोल." झालं. मला खोट दाखवायची होती.

माझ्याकडे एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. जहाजांच्या धंद्यातल्या दोन भावांच्या भांडणाची. वाचताना जो शब्द अडे त्याच्याखाली मी लाल पेन्सिलीनं रेघ मारायचो, पुढं कधीतरी अर्थ बघू म्हणून. ते 'कधीतरी' कधी आलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते पुस्तक मी बापूंसमोर ओसरीवर ठेवलं आणि म्हणालो, हैदराबादला बिऱ्हाड करायचं तर बायकोला शिकलेल्या लोकांत उठायबसायला यायला पाहिजे. लाल रेघांचे सगळे शब्द तिनं दिवाळीपर्यंत अर्थासकट पाठ करावेत. आले तर घेऊन जाईन. एक जरी चुकला, तरी माझा रस्ता मोकळा. बापूंनी बराच वेळ सुपारी चघळली आणि "ठीक" म्हणाले. गोदा दाराआड उभी होती. चौकटीवर तिची बोटं दिसत होती तेवढी. त्यापलीकडं मी पाहिलं नाही.

तिला ए-बी-सी सुद्धा येत नव्हतं! पुढं तिनं काय केलं ते मला फार नंतर, तुकड्यातुकड्यानं समजलं. आषाढात सुना माहेरी जातात, तशी ती हसनाबादला गेली. पुस्तक लुगड्यांच्या बोचक्यात घालून. अक्षरं धाकट्या भावाकडून आठ दिवसांत शिकली. पण अर्थ कोण सांगणार? गावात कचेरीतून निवृत्त झालेले एक मुन्शीसाहेब होते, त्यांच्याजवळ इंग्रजी-उर्दू कोश होता. मुन्शीसाहेब परक्याच्या लेकीसुनेशी समोरासमोर बोलायचे नाहीत. त्यांच्या घरी पडदा. मग रीत अशी पडली की पडद्याच्या अलीकडं गोदा आणि मुन्शीसाहेबांच्या बायको बी-अम्मा बसायच्या, पलीकडं मुन्शीसाहेब. गोदा पुस्तकातला शब्द अक्षर-अक्षर वाचायची, बी-अम्मा तो नवऱ्याला सांगायच्या, ते कोशात बघून अर्थ बायकोला सांगायचे आणि बी-अम्मा आपल्या दखनीत गोदाला. "देख बेटी, भरोसेका आदमीच दगा दिया तो उसकू पर्फिडी बोलते." शब्द कुठं कसा आलाय ते बघायला मुन्शीसाहेब पुस्तक पलीकडं मागवायचे आणि गोष्टही सांगायचे, थेट शेवटापर्यंत. दोन महिने हे चाललं. गोदा म्हणायची, शब्दांपेक्षा गोष्टच आधी कळली. भाऊबंदकी काय असते ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कोणता भाऊ कुठं खोटं बोलतो, हे ती पान उलटायच्या आधी ओळखायची. बी-अम्मांना तर इतका नाद लागला की भाकरी थापता थापता त्या शब्द म्हणायच्या आणि मुन्शीसाहेबांना "इम्पर्टिनंट", म्हणजे आगाऊ, म्हणून रागवायच्या.

दिवाळीला मी घरी आलो. पाडव्याची दुपार. ओसरीवर बापू बाजेवर, आई जोंधळे निवडत बसलेली, शेजारचे दोघंतिघं मुद्दाम येऊन टेकलेले. मी पुस्तक उघडून बसलो. उन्हाळ्यात पहिले दहाबारा शब्द मी वहीत उतरवून नेले होते आणि हैदराबादहून निघण्याआधी घाईघाईनं त्यांचे अर्थ बघून घेतले होते, बाकीच्यांचा मला पत्ता नव्हता. म्हटलं, तिची गाडी पहिल्या पाचातच अडकणार, चिंता कशाची! मोठ्यांसमोर सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही, सासऱ्याशी तर नाहीच नाही, अशी आमच्याकडची चाल. गोदा दाराशी, पदर पुढं ओढून, आईकडं तोंड करून उभी राहिली. मी शब्द म्हणायचा. ती सांगायची, "आत्याबाई, तेंना सांगा, त्याचा अर्थ..." पहिला बरोबर. दुसरा बरोबर. पाचवा, आठवा... आईचे हात जोंधळ्यात थांबले. शेजारचे आधी हसत होते ते सरकून जवळ बसले. बापू बाजेवर उठून बसले.

बारा शब्द संपले. आता पुढचे सगळे मला न येणारे. मी शब्द म्हणत गेलो आणि ती त्याच शांत आवाजात सांगत गेली. बरोबर की चूक, मला काय कळणार? बापू दरवेळी माझ्या तोंडाकडं बघायचे आणि मी न्यायाधीशासारखा मान हलवायचो. तीस झाले, चाळीस झाले. एकेका शब्दानं मित्राची बहीण, चष्मा, हैदराबादचं बिऱ्हाड सगळं हातातून निसटत चाललं होतं. मी "पर्फिडी" म्हणालो. ती म्हणाली, "भरवशाच्या माणसानं केलेला घात." आणि मी म्हणालो, "चूक."

मी पुस्तक मिटलं. तेवढ्यात बापू म्हणाले, "चूक? मंग बराबर काय हाये?"

मला काय माहीत, बराबर काय ते! बापूंना इंग्रजी येत नव्हतं, पण माणूस खोटं बोलायला लागला की त्यांना बिलकुल उशीर लागत नसे. त्यांचे डोळे माझ्यावरून हलेनात. "सांग की. काय हाये?" त्यांनी परत विचारलं. मी पुस्तक पुन्हा उघडून उगाच पानं चाळू लागलो. आणखी एक क्षण गेला असता तर भर ओसरीवर, शेजाऱ्यांसमोर, माझं सगळं उघडं पडलं असतं.

"मामंजी," दारातून आवाज आला. आई दचकली. लग्न होऊन तीन वर्षांत गोदा सासऱ्यांशी एक अक्षर बोलली नव्हती. "मामंजी, तेंनी मला बराबर अर्थ उन्हाळ्यातच सांगितल्ता. म्याच इसरले. माझंच चुकलं."

उन्हाळ्यात मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिच्याशी धड बोललोसुद्धा नव्हतो. एका वाक्यानं तिनं मला सोडवलं आणि त्याच वाक्यानं स्वतःला नापास केलं. जन्मभराचं नुकसान होतं ते, आणि तिला ते पुरतं ठाऊक होतं. बापूंनी एकदा दाराकडं पाहिलं. मग "तीच म्हणून राह्यली तर मंग काय बोलायचं," म्हणाले आणि पायताण घालून शेताकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पुस्तक पिशवीत घालून मी बैलगाडीनं परतूर गाठलं आणि रेल्वेत बसलो. एकटा. तिनं भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली होती. ती मी तशीच बांधलेली ठेवली. हैदराबादला पोचल्यावर सरळ कॉलेजच्या वाचनालयात गेलो आणि कोश काढला. तिचा अर्थ बरोबर होता. मग बाकीचे सगळे शब्द बघितले, एकेक करून. एकही चुकलेला नव्हता. संध्याकाळी मित्रानं घरी बोलावलं, त्याच्या बहिणीनं चहा आणला, आणि मला तिथं पाच मिनिटंसुद्धा बसवलं नाही.

आठ दिवसांत मी परत आष्टीला आलो. बापू म्हणाले, "आता काय राह्यलं?" म्हटलं, तिला न्यायला आलोय. "नापास झाल्ती न्हवं?" ही वेळ होती. एवढंच म्हणायचं होतं की नापास मी झालो. पण भित्रा माणूस भित्राच राहतो. मी म्हणालो, "तिथं मी शिकवीन तिला." बापू खूश झाले, त्यांनी ते गावभर सांगितलं, आणि ते खोटं आमच्या घरात कायमचं राहायला आलं. गोदा अंगणात होती. तिनं ऐकलं, आणि ट्रंक भरायला आत गेली.

गाडीत तिनं मला विचारलं, "तुम्ही पुस्तकाचा शेवट वाचला का?" माझ्या लाल रेघा निम्म्यातच संपत होत्या, कारण मी निम्म्यातच पुस्तक सोडलं होतं. मी खिडकीबाहेर बघत "न्हाई" म्हणालो. मग तिनं मला पुढची सगळी गोष्ट सांगितली, कोणता भाऊ बुडाला, कोणता पस्तावला. रेघा का संपल्या हे मात्र तिनं विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही.

पुढं जालन्यात वकिली थाटली, मुलं झाली. घरात कुणाला इंग्रजी शब्द अडला की ती म्हणायची, "बाबांना इचारा." मला येत नसला की मी "बघून सांगतो" म्हणायचो, आणि थोड्या वेळानं माझ्या टेबलावर कोश उघडा पडलेला असायचा, नेमका त्या पानावर. मी तिथं वाचायचो आणि मुलांना सांगायचो. आम्ही दोघं यावर कधी बोललो नाही. मला तर वाटायचं, तिची ही सवयच आहे, टेबल आवरण्यासारखी... किती सोयीचं वाटायचं मला ते!

गेल्या रविवारी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना नातीनं येऊन एक शब्द विचारला. सवयीनं तोंडातून निघालं, "बघून सांगतो." ती गेली. मी तासभर टेबलाशी बसून राहिलो. कोश कपाटात होता, मिटलेला. मग उठलो, बैठकीत गेलो आणि सगळ्यांसमोर नातीला म्हणालो, "बाळा, मला नाही येत तो शब्द. तुझ्या आजीला आला असता."