दहापैकी दोन

दवाखान्यापासून तिसरा चौक ओलांडला, तेव्हा ताई दुसऱ्यांदा भिंतीला टेकली. बसचे हादरे सोसत नाहीत म्हणून दोघी बहिणी चालतच निघाल्या होत्या. धाकटीने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"डॉक्टर तर खूश होते तुझ्यावर."

"मी बरंय म्हटल्यावर ते काय रडणार?"

ताईने सव्वीस वर्षं लॉन्ड्रीत उभ्याने इस्त्री केली. चादरीची घडी अशी, की पट्टी लावून मोजावी. कंबर कामातून गेली तरी 'कशी आहेस'ला तिचं उत्तर एकच, बरंय. कण्हणाऱ्या माणसाचा घराला कसा कंटाळा येतो, हे तिने नवऱ्याच्या आजारपणात पाहिलं होतं.

"अजून दुखतंय?"

"गेलं कधी होतं?"

मग तिने सांगून टाकलं. कंबर दुखायची थांबावी म्हणून डॉक्टरांनी तिची दुखरी नस जाळली होती. पण जाळण्याआधी पाठीत बधिर करायचं इंजेक्शन देऊन बघतात. इंजेक्शनचा असर असेल तेवढे तास दुखणं थांबलं तर नस तीच, मग पुढे सुईने तिला चटका द्यायचा. नाही थांबलं तर दुसरीकडे शोधायचं. त्या इंजेक्शनच्या दिवशी ताईला एक कागद दिला होता. दर तासाला लिहायचं, दहापैकी किती दुखतं. दुखत होतं आठ. पण मुलाने दोनदा रजा काढलेली, सून सारखी घड्याळ बघत होती, डॉक्टरही इतके मायेने बोललेले. ताईने दोन लिहिलं. सहाच्या सहा रकान्यांत दोन.

"म्हणजे चांगली नस जाळली?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी." ताई हसायला गेली, आणि कळ आली तशी थांबली.

मुलाने लॉन्ड्रीच्या मालकाला कळवलंही होतं, आई ठणठणीत आहे, सोमवारपासून येते. आज शुक्रवार होता.

धाकटीला राग आला, पण कुणाचा ते ठरेना. रोज देवापुढे हात जोडून ती ताईच्या कंबरेसाठी मागायची, आणि फोनवर ताई 'बरंय' म्हणाली की सुटल्यासारखी फोन ठेवायची. दुखणं सुरू झाल्यापासूनच्या आठ वर्षांत तिने एकदाही 'खरं सांग' म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर ऐकून घ्यावं लागलं असतं.

"डॉक्टर पाचपर्यंत असतात ना?" ताईने विचारलं.

"असतात."

ताईने मागच्या रस्त्याकडे पाहिलं.

"मग परत चल माझ्याबरोबर. पण आत गेल्यावर तू बोल, माझी जीभ वळायची नाही. आणि मी मध्येच बरंय म्हणाले, तर सगळ्यांदेखत मला खोटी पाड."