सतरा नंबरच्या बेडवरचे तळवे

मी असले अनुभव वाचते, पण मानत नाही. म्हणजे मानत नव्हते... आता नक्की काय म्हणायचं ते कळत नाही, म्हणून लिहितेय. माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियमला झालं. मराठीत याआधी रजेच्या अर्जापलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका झाल्या तर सांभाळून घ्या. पेशंटचं आणि त्यांच्या बायकोचं नाव बदललंय, हॉस्पिटलचं सांगत नाही. बाकी जसं घडलं तसंच.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला मे महिना. बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये मी इंटर्न होते. कोविड वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, खाली दाराशी गार्ड. नातेवाइकांना आत प्रवेश नाही. आमचे स्किनचे सर कोविडच्या पेशंटच्या त्वचेवर काय काय दिसतं याची नोंद करत होते. कुणाच्या पाठीवर पुरळ यायचं, कुणाला पित्तासारख्या गांधी, कुणाच्या मांड्यांवर जाळीसारखे निळसर डाग. काहींच्या पायाची बोटं सुजून जांभळी व्हायची – कडाक्याच्या थंडीत होतात तशी, आणि बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. माझं काम एवढंच: रोज सकाळी आठ वाजता फोटो काढायचे. हात, पाठ, पाय, तळवे. शेजारी बेड नंबरची आणि तारखेची चिठ्ठी. मला हे काम आवडायचं. फोटो काढताना फार बोलावं लागत नाही.

सतरा नंबरवर रखमाजी आले. वय साठीच्या आसपास, मेंढपाळ. माजलगावकडे ज्या शेतात त्यांची मेंढरं लेंडीखतासाठी बसवली होती, त्या शेतकऱ्याने जीपमध्ये घालून आणून सोडलं. पायांची दहाही बोटं जांभळी. मी मोबाईल काढला तर मास्कच्या आतून म्हणाले, "तोंडाचा फोटू कुनी काढंना, आन पायाचे काढायलीस? पायाचं लगीन जमवायचं हाय का, पोरी?"

शेख सिस्टर पलीकडून म्हणाल्या, "मामा, तुमचे पाय हीरो झालेत. परवा पेपरात येतील बघा."

मला हसू आलं, पण पीपीई किटमध्ये कुणाला दिसतंय.

मग त्यांनी विचारलं, "कवा सोडता?" मी म्हटलं, दहा दिवस तरी. तर उठूनच बसले. "दहा? आगं, पावसाच्या आत मेंढरं वर माळाला न्यायची हायेत. काळ्या रानात पाऊस लागला की खुरं सडत्यात. निम्मी मरतेत."

त्यांचं घर घाटनांदूरच्या बाजूला, माळावर. खालच्या काळ्या जमिनीतून घाट चढून तिथं पोहोचायला मेंढरांना सहा-सात दिवस लागतात. सगळा कळप मागे बायको एकटी सांभाळत होती, ठकूबाई. पण मेंढरं तिच्यामागे चालत नव्हती. "मी म्होरं असलो की चालत्यात," रखमाजी म्हणाले. "दुसरं कुनी म्होरं झालं की उभ्याच ऱ्हात्यात. दगडावानी."

वॉर्डमध्ये त्यांच्याकडे मोबाईल नव्हता. मी माझा नंबर सहसा कुणाला देत नाही. ठकूबाईंचा रखमाजींना पाठ होता, त्यावर फोन करून त्यांना दिला. रोज दुपारी बाराला, मेंढरं सावलीला बसली की त्यांचा फोन यायचा. तीन दिवस एकच – "न्हाई चालत ओ. ढकलून ढकलून हात मोडले. आभाळ भरून यायलंय." रखमाजी नुसते छताकडे बघायचे.

चौथ्या दिवशी त्यांचा ऑक्सिजन घसरला. बायपॅप लावलं, तोंडावर घट्ट बांधलेल्या मास्कमधून हवा देणारं मशिन. ते गुंगीत गेले. हाताला सलाइन, बोटाला मॉनिटरची क्लिप, लघवीला नळी. असा माणूस कुशीवर वळवायलाही दोघं लागतात.

पाचव्या दिवशी सकाळी तळव्यांचा फोटो घेताना मी थांबले. टाचेच्या भेगांमध्ये काळी माती दाबून बसली होती. ओलसर. मला सिस्टरांचा राग आला, म्हटलं स्पंज करताना पाय सोडले. सिस्टर म्हणाल्या, "बेटा, मी स्वतः पुसलेत काल." आवाजात चीड नव्हती. त्या माझ्याबरोबर खाली वाकून बघत होत्या.

दुपारी फोन आला. "ताई, मालक बोलत्यात का?"

"नाही मावशी, गुंगीत आहेत."

"बरं. त्यांना सांगा, मेंढरं चालायलीत."

"कशी काय?"

"काय ठाव, बाई. काल दिस कलल्यावर आपुनच उठली. म्होरं कुनी न्हाई, आन समदी म्होरं बघत चालायलीत. मी पाठीमागून. वाटंत पाटाचं पाणी लागलं, तर तेबी न थांबता पार केलं."

मी त्या ओल्या मातीबद्दल काही बोलले नाही.

सरांना फोटो पाठवले होते. त्यांचा लगेच फोन – "हे तळवे दुसऱ्या कुणाचे तरी आहेत. पडून असलेल्या पेशंटचे तळवे मऊ पडतात, सोलतात. हे चालणाऱ्या माणसाचे आहेत. लक्ष कुठे असतं तुमचं?" फोटोत चिठ्ठी होती, सतरा नंबर. जांभळी बोटं तीच होती. पण मला वाद घालता येत नाही. सॉरी सर म्हटलं.

आणि मग मी एक गोष्ट केली. ड्यूटी संपताना दोन्ही पाय सलाइनने स्वच्छ धुतले, पुसले, स्टेराइल गॉज गुंडाळला, वरून बँडेज, वरून चिकटपट्टी. चिकटपट्टीवर सही केली, वेळ टाकली. सिस्टरांनीही सही केली. "शक कुणावर आहे तुझा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्यावरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दोघींनी मिळून पट्ट्या बघितल्या. सह्या जशाच्या तशा. बँडेज बाहेरून पांढरं. सोडत गेले... आतला गॉज काळा-तपकिरी. उजव्या टाचेत बाभळीचा काटा, मोडलेला, हिरवट. मी चिमट्याने उपसला आणि मागून रक्त आलं. ताजं, लाल.

 सिस्टरांनी रखमाजींचे पाय दोन्ही हातांत धरले, आपण घरातल्या मोठ्या माणसाचे धरतो तसे. "कहाँ कहाँ घूमके आ रहे हो, मामा," असं अगदी हळू म्हणाल्या. मला भीती नाही वाटली. खरंच नाही. एखाद्या मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघावं, तसं वाटलं.

पुढच्या दोन सकाळीही तसंच झालं, सह्या जशाच्या तशा आणि आत काळा गॉज. मग मी नर्सिंग चार्ट काढला. गुंगीत गेल्यापासून त्यांची पल्स सकाळी सहा ते दहा वर जात होती, दुपारी खाली, पुन्हा चार ते सात वर. ऑक्सिजन त्याच वेळांना पडत होता. मेंढरं याच वेळांना चालतात, दुपारी बसतात. आणि दर दिवशी पल्स आदल्या दिवसापेक्षा वर. त्या दिवशी तर साडेअकरा वाजले तरी एकशे अडतीसच्या खाली येईना. राउंडला मेडिसिनचे डॉक्टर सांगून गेले, संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर व्हेंटिलेटर. त्या महिन्यात आमच्याकडे व्हेंटिलेटरवर गेलेला माणूस क्वचितच परत यायचा.

बाराला फोन वाजला. "घाटाच्या पायथ्याला आलो, ताई. आज सांजच्याला घाट चढला की भ्या न्हाई. वर समदा माळ हाय."

आपण काय बोलणार आहोत हे मलाच माहीत नव्हतं. "मावशी, आज चढू नका."

"कावून? आभाळ तर लई भरलंय. हितं पाऊस गाठला तर—"

माझ्याकडे कारण नव्हतं. पल्सचा आकडा त्यांना सांगून काय उपयोग.  तिकडून मेंढरांचा आवाज येत होता. मग त्यांनीच विचारलं, सावकाश.

"दमलेत का?"

कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"हो. खूप."

"मंग बसवते." थोडं थांबून म्हणाल्या, "मोबाईल त्यांच्या कानाला लावता का?"

मी स्पीकर चालू करून त्यांच्या कानाजवळ धरला. बायपॅपच्या फुसफुशीत आवाजात त्यांना काय ऐकू येणार होतं, देव जाणे.

"आवं, ऐका," ठकूबाई म्हणाल्या. "लई चाललात. आता तुमी तितंच ऱ्हावा. घाट मी चढवते." आणि फोन बंद झाला.

सिस्टर सलाइन बदलत होत्या. त्यांचा हात तसाच थांबला होता.

दोन वाजता पल्स एकशे दहा. चार वाजता सत्त्याण्णव, आणि त्या दिवशी चारनंतर ती चढलीच नाही. व्हेंटिलेटरचा विषय मागे पडला. तिकडे संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला, ठकूबाईंची दोन कोकरं गारठून मेली. हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. "घाट चढलो सकाळच्याला. मी म्होरं झाले, तर समदी माझ्यामागं आली. पैल्यांदाच."

त्या सकाळचा गॉज पांढरा होता. त्यानंतरचे सगळे पांढरेच.

रखमाजी बरे झाले. बोटांचा जांभळा रंग उतरत उतरत तपकिरी झाला आणि गेला. डिस्चार्जच्या दिवशी मी धीर करून विचारलं, मधले दिवस काही आठवतात का. "न्हाई गं. सपान बी न्हाई पडलं. पर उठलो तवा पाय लई दुखत हुते." मग हसले. "पडून पडून दुखत असतील."

मी सगळी कारणं शोधलीत. जुना काटा आतून वर येऊ शकतो, पण हिरवा कसा, ते सरांनाही सांगता आलं नाही. भेगांमधली माती घामाने सुटू शकते. ताप दिवसातून दोनदा चढू शकतो. मेंढरं कधीतरी आपसूक चालतही असतील. एकेकटं धरलं तर प्रत्येकाला काहीतरी उत्तर आहे, सगळ्याला मिळून एकही नाही. सरांच्या नोंदीत जांभळ्या बोटांचे फोटो गेले. तळव्यांचे गेले नाहीत.

फक्त त्या दुपारची केस शीट तशीच आहे. पल्स उतरली तर काय उपाय केला, हे लिहावं लागतं. औषध तर काहीच बदललं नव्हतं. मी बराच वेळ पेन धरून उभी होते. शेवटी खाली लिहिलं, 'विश्रांतीचा सल्ला दिला', आणि सही केली. कुणाला दिला, ते लिहिलं नाही.