नंदूचा किडा सापडला होता

नंदू गेल्याची बातमी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली तेव्हा मी दुबई मरीनातल्या आमच्या ऑफिसात लिफ्टची वाट बघत उभा होतो. सकाळी तो अल क्वोजच्या गोदामात ड्यूटीला निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता... खलास. लिफ्ट आली, गेली, पुन्हा आली, मी तिथेच. आणि त्या जोडलेल्या हातांच्या रांगेत कुणीतरी लिहिलं, ‘बिचाऱ्याचा किडा शेवटपर्यंत सापडला नाही.’

सापडला होता. मी पाहिला होता. तो गेल्यावरही दीड महिना गप्प बसलो, आता बसणार नाही.

अडचण एवढीच की साक्षीदार मी आहे. ओव्हरटेक करताना उंटाने मला इंडिकेटर दिला, असं मंडळाच्या स्टेजवरून शपथेवर सांगणारा माणूस. (दिला होता. उजवा कान.) नंदू माझ्या नेमका उलट. तो ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणाला की घड्याळ लावून घ्यावं.

किड्याचं नाव ट्रायलोबाइट. झुरळ आणि खेकडा यांच्या मधला समुद्री प्राणी, पाठीचे उभे तीन भाग, डायनासोर यायच्या आधीच पृथ्वीवरून संपलेला. नंदूने शारजाच्या एका दुकानातून दीडशे दिरहमला, म्हणजे आपले आजचे साडेतीन हजार, असला एक दगड आणला. वहिनींनी तो ओल्या फडक्याने पुसला, तर सगळा रंग फडक्याला. आत प्लास्टर! दुसरा कुणी दुकानदाराशी भांडला असता. नंदू म्हणाला, “आता खरा बघणार. विकत नाही, जागेवर.” लोक सुट्टीत मॉलला जायचे, हा गळ्यात निळ्या दोरीचं भिंग अडकवून रास अल खैमाच्या डोंगरांत. तिथले काही खडक पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ आहेत म्हणे. सोबतीला मी, कारण वहिनींचा डबा. नियम एकच, खडा उचलून घरी आणायचा नाही. “इथलं इथेच,” म्हणायचा. सहा हिवाळे आम्ही दगड चाटले. मी खरोखर एक चाटला, चवीवरून वय कळतं का बघायला.

आणि आठ वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी, भर दुपारी, नंदूने मला हाक मारली. ओरडून नाही, बाळ झोपलेल्या घरात मारतात तशी. अंगठ्याएवढा होता. तीन भाग, फासळ्यांसारख्या रेषा... आमच्याकडे बघत असल्यासारखा. फोटो काढले, पण उन्हात करड्यावर करडं, चपलेचा ठसा वाटावा असे. मग त्याला सुचलं. वहिनी अकोल्याच्या, त्यांनी रोडग्यांसाठी घट्ट कणीक मळून दिली होती. नंदूने तिची चकती केली, किड्यावर हलकेच दाबली, सोडवली. हुबेहूब! ती गाडीच्या बॉनेटवर वाळत ठेवून तो पुन्हा चढावर गेला, आणखी एखादा दिसतो का बघायला. जाताना म्हणाला, “यल्ला, चल, तू निखारे कर, बाकीचे रोडगे भाज.”

मी भाजले. बाकीचे... आणि तोही. बॉनेटवर एक कच्चा राहिलेला दिसला, टाकला निखाऱ्यात. पाठीवर नक्षी होती, मला वाटलं वहिनींनी काट्याने काढली असेल.

नंदू उतरून आला. बॉनेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“सगळा?”

“वांग्याच्या भाजीबरोबर.”

तो दगडावर बसला. किती वेळ, ते सांगत नाही, माझ्या आकड्यांवर तुमचा विश्वास नाही. कणीक संपली होती, ऊन कलत होतं. शेवटी त्याने विचारलं, “मीठ कसं होतं?”

“जरा जास्त.”

“बरोबर आहे. समुद्रातलाच होता तो.” आणि गाडीत बसताना, “मंडळात बोलू नकोस. जन्मभर चिडवतील तुला.”

पुढच्या आठवड्यात दोन डबे कणीक घेऊन गेलो, तर मधल्या पावसात दरड खाली आलेली. चार वेळा गेलो. मंडळात कुणी विचारलं की नंदू ‘सापडला’ एवढंच सांगायचा, पुरावा कुठे गेला ते नाही, आणि मंडळाने मला नाही, त्यालाच चिडवलं. गणपतीत स्टेजवर बोलावून प्लास्टिकचं झुरळ दिलं बक्षीस म्हणून. आयुष्यात एकदाही थाप न मारलेला माणूस आठ वर्षं थापाड्या ठरला आणि हसत राहिला. पहिल्या रांगेत बसून मीही हसलो. हे मात्र वाढवून सांगत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीने, सईने, विचारलं, “काका, डिड बाबा रिअली फाइंड इट?”

“हो.”

“विच काइंड ऑफ हो?”

मग सगळं सांगितलं, वांग्याच्या भाजीसकट. ती हसली, हसता हसता रडली, आणि म्हणाली, “नो. धिस इज टू स्टुपिड टु बी अ लाय.” दाराजवळच्या खिळ्यावरून भिंग काढून वहिनींनी माझ्या हातात दिलं. कडेच्या खाचेत कणकेचा सुकलेला, दगडासारखा कण होता. “पुसू का, असं विचारलं होतं मी त्यांना,” त्या म्हणाल्या. “नको म्हणाले.”

तेव्हा ग्रुपवर हसणाऱ्यांनो, ऐका. किडा तिथेच आहे, दरडीखाली. कोट्यवधी वर्षं थांबलाय, तुमच्या हसण्याने कुठे जात नाही. भिंग आता माझ्या गळ्यात आहे. येत्या शनिवारी सई आणि मी निघतोय, आणि सापडेपर्यंत दर शनिवारी निघू. वहिनी कणीक मळून देणार आहेत.

मी घरून जेवून निघणार आहे.