तुमचे पाईप कुठं मोजायचे?

ओल्या दगडाच्या भुकटीचा वास आला की मला कापूरहोळचं आमचं पत्र्याचं ऑफिस आठवतं. अब्बांची बोअर मारायची गाडी होती. वेल्ह्याकडं पुण्याचे लोक फार्महाऊस बांधायला लागले, म्हणून मी हट्टानं वेबसाईट करून घेतली होती, पण ती कुणाला सापडतच नव्हती. एका दुपारी पुण्याहून एक टायवाला आला. इंटरनेटवर कुणी बोअरवाला शोधला की तुमचं नाव सगळ्यात वर आणतो म्हणाला, पण वर्षभराचे पैसे त्याला आगाऊ हवे होते. अब्बांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाव वर आलं की पैसे घेऊन जावा." तो हसला. "काका, पाणी नाही लागलं तर तुम्ही फुटाचे पैसे सोडता का?" मी खाली बघितलं, कारण बोअर कोरडा गेला तरी जितके फूट खोदले तितक्याचे पैसे आम्ही घ्यायचोच. अब्बांनी बशीतला चहा संपवला. "न्हाई सोडत. पन गिऱ्हाईक मशीनपाशी हुबं राहून पाईप मोजतं, किती खोल गेलो ते त्याला दिसतं. तुमचे पाईप आमी कुठं मोजायचे? दर म्हैन्याला काय काम केलं ते ह्या माझ्या पोरीला दाखवा, त्या म्हैन्याचे पैसे घ्या." विचार करून फोन करतो, असं सांगून तो गेला, फोन काही आला नाही. दुसऱ्या दिवशी बोअर सुरू करण्याआधी अब्बांनी गिऱ्हाइकासाठी मशीनजवळ स्वतः खुर्ची मांडली. आता धंदा मी बघते. ती खुर्ची गाडीतच असते, आणि "राहू द्या, तुमच्यावर विश्वास आहे" म्हणणाऱ्यालाही मी तिच्यावर बसवतेच.